अकरा वर्षांचे अभिप्राय

(मोहझरी तलावाच्या काठचा सरकारी पर्यटन कॅम्प. पोळ्याच्या आदल्या दिवशीची दुपार. पावसाळ्यामुळे एकही पाहुणा नाही. फाटकातून एक जुना भाजीचा टेम्पो आत येतो आहे. मागे फुलाफुलांचा पडदा. चालवते आहे नलू, वय सहासष्ट. शेजारी तिचा थोरला भाऊ अण्णाजी.)

अण्णाजी : ...म्हणजे पत्र आलं ते होळीच्या आधी, नलू. निळ्या शाईतलं. मी वाचलं, परत घडी घातली आणि ठरवलं, की उद्या सकाळी डोकं ताजं असताना उत्तर लिहू.

नलू : आन् आता पोळा आला. तुह्यं डोकं काही ताजं नाई झालं, दादा.

अण्णाजी : चौदा मसुदे केले मी.

नलू : केले ना. त्यातला एक तरी टपालात पडला का? उलटं त्या रजिस्टरात नोंद करून ठेवली. पाह्यलं म्या. जावक क्रमांक एक, पौर्णिमाबाई, हिंगणघाट, उत्तर पाठवले. कुठी पाठवलं? उशीखाली?

अण्णाजी : देवळीच्या वाचनालयात चौतीस वर्षं हीच पद्धत होती. आधी नोंद, मग पत्र. नोंद केली की लिहिण्याचा धाक राहतो.

नलू : मंग राह्यला का धाक?

अण्णाजी : नाही. उलट सुटल्यासारखं वाटलं.

नलू : हे घे! म्हून त आणलं तुले इथं. तिनं का लिवलं होतं शेवटी? सांग एकदा, मले तुह्या तोंडानं आयकू दे.

अण्णाजी : "पोळ्यापर्यंत तुमचं पत्र टपालात पडलं नाही, तर तुमची इच्छा नाही असं समजून मी चिठ्ठ्यांचं काम थांबवीन. पुन्हा त्रास देणार नाही."

नलू : आन् पोळा कवा हाये?

अण्णाजी : उद्या.

नलू : झालं त मंग. इथं तुह्या ओळखीचं कोणी नाई, मोबाइलले रेंज नाई. मागं तख्त हाये, गॅस हाये, पाच पाकिटं हायेत, टिकिटं लावलेले. उत्तर लिवल्याशिवाय मी काही गाडीची चाबी फिरवत नाई.

अण्णाजी : माझ्या पिशवीत तीन पुस्तकं होती.

नलू : होती. मी काढून ठेवली. घरी हायेत, बरी हायेत.

अण्णाजी : नलू!

नलू : पाय, कसा सुंदर तलाव भरला! सोळा वर्स या टेम्पोत अल्लीपूरचे वांगे-टमाटर वर्धेच्या मार्केटात नेले म्या. वावरातून बाजार, बाजारातून वावर. मधात कुठी पाणी दिसलं त वाटे, दोन घडी थांबाव. पण टमाटर थांबू देते का? आता किशोरनं नवीन गाडी घेतली आन् ही मले देली. म्हणे आई, भंगारात टाकू का? म्हटलं, तुले टाकीन भंगारात. थांब, तलावाच्या तोंडानं लावते, म्हणजे सकाळी पडदा सरकवला का पाणीच पाणी.

किसनराव : ओ बाई! ओ ऽ बाई! तथी नका घेऊ! माघं घ्या, माघं!

अण्णाजी : नलू, कोणीतरी पळत येतंय.

नलू : येऊ दे. मले गाडी शिकवते का तो?

किसनराव : अवो तथी मुरूम नाई! वरून हिरवं दिसते, खाली सारी काळी हाये!

नलू : अरे बाप्पा.

किसनराव : गेली. अर्धं चाक गेलं. एक्सीलेटर नका दाबू, आणखीन खाली जाईन!

नलू : नाई दाबत. मालूम हाये मले. जन्म गेला काळ्या मातीत.

अण्णाजी : मग फसली कशी?

नलू : तू चूप बस. तलाव पाहून राह्यली होती मी.

किसनराव : राम राम. मी किसनराव, इथला चौकीदार. तुमी... म्हणजे, चुकून आले का?

नलू : चुकून कायले? राह्यले आलो. दोन दिवस. मी नलू, हे माहे मोठे भाऊ, अण्णाजी. देवळीचे.

किसनराव : राह्यले? या दिवसात? बाई, जूनपासून इथं चिटपाखरू आलं नाई. तंबू सारे गुंडाळून ठेवले. हिवाळ्यात गाड्या येते, नागपूरच्या, पुण्याच्या, मोठ्या मोठ्या, आतमधी बिछाना, बेसिन, सारं. भाजीचा टेम्पो पह्यल्यांदा पाहून राह्यलो.

नलू : आमच्यातबी बिछाना हाये. या पाह्यले. फक्त सांबाराचा, म्हणजे कोथिंबिरीचा वास येते, तेवढा घ्या चालवून.

किसनराव : चाकाखाली कपाशीची पऱ्हाटी टाकून पाहू का? माघच्या सालची हाये, कोठ्यात.

नलू : टाका.

किसनराव : टाकतो. पण सांगतो तुमाले, नाई निघणार. बैलजोडीनंच निघन. आन् बैल त आज...

नलू : आज खांदेमळणी.

किसनराव : हो ना. आज त्याईचे खांदे लोणी-हळदीनं चोळाचे, आवतन द्याचं. उद्या पोळा. दोन दिवस मानेवर जू ठेवता येत नाई. गाववाले मले जित्ता नाई सोडणार.

नलू : कायले ठेवाचं? वर्साचा एक सण त्याईचा. परवा काढू.

अण्णाजी : परवा? नलू, उद्या पोळा आहे. पत्र...

नलू : पाय, आता कसं आठवलं पत्र! किसनराव, टपालपेटी हाये का जवळ?

किसनराव : गावात हाये. एक कोस. पायी जा लागते, पण रस्ता मुरमाचा हाये. दुपारी दोनले थैला जाते.

नलू : ऐकलं, दादा? उद्या दोनपर्यंत. बस लिवाले.

* * *

नलू : किती झालं?

अण्णाजी : "सप्रेम नमस्कार" झालं.

नलू : दोन घंट्यात? भाकरी झाल्या माह्या, ठेचा झाला, तुहा नमस्कारच चालला?

अण्णाजी : ती मला मोठी आहे की लहान, हेच ठरेना. म्हणजे वयानं लहानच. पण हिंगणघाटला मुख्याध्यापिका आहे ती. मी साधा ग्रंथपाल.

नलू : मले एक समजत नाई. ती पोरगी म्हणते, तुमी वाचकाईसाठी पुस्तकात ज्या चिठ्ठ्या घालून ठेवत होते, त्या म्या जपल्या. एकशे सात. त्याचं पुस्तक काढते, तुमी हो म्हणा, चार ओळी लिवा. यात भेवाचं काय हाये? हो म्हण नाईतर नाई म्हण.

अण्णाजी : चिठ्ठ्या तरी काय गं होत्या! "पहिली चाळीस पानं कंटाळा येईल, धीर धरा, मीही धरला." "पान चौसष्टवर रडू आलं तर येऊ द्या." असं कोणी छापतं का?

नलू : मले आवडलं. चौसष्ट पानावर का झालं?

अण्णाजी : बैल मरतो.

नलू : आज नको सांगू मंग. खरं सांग दादा, एवढंच हाये का? तू चिठ्ठ्याईले नाई भेत. सहा महिने कोणी एवढ्यासाठी तोंड लपवते का?

अण्णाजी : ...तिनं एक प्रश्न विचारलाय.

नलू : कोणता?

अण्णाजी : ती आठवीत नापास झाली होती. हिरव्या बांधणीची एक जाड कादंबरी अर्धी वाचून परत करायला आली. बाप म्हणाला होता, शाळा बस झाली. काउंटरसमोर उभी होती, चेहरा असा... मला काहीतरी बोलायचं होतं. तुला माहीत आहे माझं. शब्द येईना. मग मी घाईनं चिठ्ठी लिहिली, पुस्तकात घातली आणि पुस्तक तिच्याकडे परत सरकवलं.

नलू : का लिवलं चिठ्ठीत?

अण्णाजी : "शेवटपर्यंत वाचा. शेवट चांगला आहे."

नलू : मंग?

अण्णाजी : तिनं वाचला. शेवटी नायिका विहिरीत उडी घेते.

नलू : आँ?

अण्णाजी : ती लिहिते, मी आठ दिवस मनातल्या मनात तुमच्याशी भांडले, की हा शेवट चांगला कसा? त्या भांडणासाठी दुसरं पुस्तक नेलं, मग तिसरं. शाळाही पुन्हा धरली. आता विचारते, "पस्तीस वर्षं झाली, अण्णाजी. तुम्हाला तो शेवट चांगला का वाटला, तेवढं सांगा."

नलू : मंग सांग ना, का वाटला?

अण्णाजी : मी तो वाचलेलाच नव्हता, नलू.

नलू : खी खी... वाचलाच नाई?

अण्णाजी : हसू नकोस.

नलू : नाई हसत. थांब... ठसका लागला. अरे दादा! तू! पुस्तकाच्या किड्या!

अण्णाजी : जन्मात एकदाच न वाचता चिठ्ठी लिहिली, आणि तीच तिनं धरून ठेवली. आता कोणत्या तोंडानं प्रस्तावना लिहू? चौदा मसुद्यांत मी त्या विहिरीचं समर्थन केलंय. एकात तर ती विहीर म्हणजे मुक्तीचं प्रतीक आहे असंही लिहिलं.

नलू : फाडलं ना ते?

अण्णाजी : फाडलं.

नलू : बरं केलं. जेव आता. सकाळी लिव. डोकं ताजं असते म्हणते ना तू सकाळी.

* * *

किसनराव : राम राम! झोप लागली का टेम्पोत? हे घ्या, घरून चाय आणला. पोळ्याचा दिवस, घरी पुरण शिजून राह्यलं. आठ वाजले, मी दोन घंटे इथं, मंग बैल धुवाले जातो.

नलू : झकास झोप लागली. सकाळी पडदा सरकवला त समोर बगळेच बगळे. किसनराव, खरं सांगू? एवढा साफ सरकारी कॅम्प म्या कुठी पाह्यला नाई. संडासाले नवी कडी, नळ एकही गळत नाई, भिताडं लिपलेले. सीझन नाई तरी!

किसनराव : कराव लागते, बाई.

नलू : आन् हे माहे भाऊ पाहा. कागद कोरा. लोणच्याच्या बरणीवरचं वाचून राह्यले.

अण्णाजी : वाचल्याशिवाय मला सुरुवात होत नाही. किसनराव, इथं काही वाचायला मिळेल का? जुना पेपर, काहीही.

किसनराव : पेपर नाई येत इथं. म्हणजे... एक वही हाये. पण ते वाचाचं काम नाई.

अण्णाजी : कसली वही?

किसनराव : पाहुणे लिवून जाते ती. सायबानं अकरा वर्साआधी देली, मी लागलो तवा. म्हणे लोकाईले जाता जाता लिवू द्याचं, काही बराबर नसन त तुले जबाब द्या लागन. तवापासून प्लास्टिकच्या पन्नीत बांधून ठेवली. पाहुण्यानं मांगतली का भेत भेत देतो.

अण्णाजी : द्या ना. मी जपून वाचीन.

किसनराव : तुमी शिकले-सवरले दिसता म्हून देतो. पण नलूताईले नका वाचून दाखवू. पाहुण्यापुढं इज्जत जाईन.

अण्णाजी : का? काय लिहिलंय तुम्हाला माहीत आहे ना?

किसनराव : मी दुसरीतून सुटलो, अण्णाजी. सही येते, बाकी सारं पुसलं. सायेब येते, पानं मोजते, शिक्का मारते, जाते. पण लिवताना तोंडं पाह्यतो ना लोकाईचे. अंदाज येते, कायची तक्रार असन. मंग ते दुरुस्त करून टाकतो.

नलू : काल तुमी सांगतलं ना, तुमची पोरगी पिंकी बारावी झाली. तिच्याकडून काऊन नाई वाचून घेतलं?

किसनराव : बापाच्या तक्रारी पोरीच्या तोंडून आयकाच्या का, बाई?

अण्णाजी : किसनराव, हे पहिलं पान...

किसनराव : ते नका वाचू! ते नागपूरचे वकीलसायेब. पेन असा दाबून लिवत होते का कागद फाटते का काय. नळाचं हाये ते. तवा नळ गळत होता.

अण्णाजी : "माझ्या आईला येथील चौकीदार किसनराव यांनी हात धरून पाण्यापर्यंत नेले. वडील गेल्यापासून ती घराबाहेर पडली नव्हती. काल ती तासभर पाण्यात पाय सोडून बसली आणि हसली. किसनरावांचे उपकार मी विसरणार नाही."

किसनराव : ...नळाचं?

अण्णाजी : नळाचं काही नाही.

किसनराव : खाली असन. बारीक अक्षरात.

अण्णाजी : खाली सही आहे.

किसनराव : मी तीन नळ बदलले! घरचे वायसर आणून लावले!

नलू : थांबा थांबा. आणखीन वाच, दादा.

अण्णाजी : हे दोन पानी आहे. पुण्याच्या कुणी आचल म्हणून आहेत.

किसनराव : हो, त्या बाई. सहा वर्स झाले. लय लिवलं, लय लिवलं. मी समजलो, संडासाचं. रातीच बोलल्या होत्या का कडी लागत नाई. दुसऱ्या दिवशी वर्धेले जाऊन कडी आणली, बल्ब लावला, फरशी घासली.

अण्णाजी : "किसनकाकांनी घरून आणलेली अंबाडीची भाजी मी जन्मात विसरणार नाही." पुढे दीड पान भाजीच आहे.

नलू : संडासाचं?

अण्णाजी : शब्द नाही. शेवटी लिहिलंय, "कृती विचारायची राहून गेली. काका, खाली माझा पत्ता देत आहे. कृपया कळवाल का? मी वाट पाहते."

किसनराव : वाट पाहते म्हणे?

अण्णाजी : तसंच लिहिलंय.

किसनराव : सहा वर्स?

नलू : पुढचं वाच, पुढचं. हे कोणी गिरबटवलं?

किसनराव : ते एका लेकराचं हाये, चार वर्साचं. त्यानं बापाच्या हातून पेन हिसकला आन् रेघा काढल्या. म्या त्या पाह्यल्या, आन् समोर भिताड पाह्यलं. भिताडाले भेगा होत्या. म्हटलं, लेकरालेबी दिसल्या! सारं भिताड लिपलं, चुना मारला.

अण्णाजी : बापानं खाली लिहिलंय, "हे किसनकाकांच्या मिशांचं चित्र आहे."

नलू : अवो माय! खरंच वो, ह्या मिशाच हायेत! हे पाहा, हा इकडला आकडा, हा तिकडला. बराबर तुमच्याच!

किसनराव : मिशा?

नलू : मिशा! तुमी मिशाले चुना मारला, किसनराव!

किसनराव : हसा तुमी, बाई. हसा. मलेबी येऊन राह्यलं. माही बायको म्हणे, एवढी सरकारी जागा आन् तू आंगणापेक्षा जास्त लिपते, येडा झाला का?

अण्णाजी : थांबा, एक तक्रार आहे. खरीखुरी.

किसनराव : आली का! सांगा. कवाची?

अण्णाजी : तीन वर्षांपूर्वीची. "सर्व उत्तम. फक्त कोंबडा पहाटे साडेतीनला आरवतो."

किसनराव : कोंबड्याचं त म्या काहीच केलं नाई!

नलू : दादा, पाणी दे रे. मी मरते आता हसून.

किसनराव : ...सारे असेच हायेत का, अण्णाजी? साऱ्या वहीत?

अण्णाजी : मी भरभर चाळली. चौऱ्याऐंशी आहेत. तो कोंबडा सोडला तर सगळे असेच.

किसनराव : अकरा वर्स ही वही पन्नीत बांधून मी तिच्या खाली झोपतो. फळीवर असते ना. झोपेत वाटे, आंगावर पडन.

नलू : घ्या, चाय घ्या. बसा.

किसनराव : आता एक काम करता का? ज्याचं त्याचं खाली लिवा, "वाचलं". मी सही करतो. सही बराबर येते मले.

अण्णाजी : चौऱ्याऐंशी ठिकाणी?

किसनराव : हो. पण आधी त्या पुण्याच्या बाईचं. तिले कागद लिवा. टपाल दोनले जाते. सहा वर्स थांबली ती, पोळ्यालेबी थांबवू का?

अण्णाजी : सांगा. लिहितो. "सौ. आचलताई यांस किसनरावांचा नमस्कार. कामाच्या व्यापामुळे उत्तरास विलंब झाला..."

किसनराव : व्याप कायचा? इथं पावसाळ्यात मी आन् बगळे. ते खोडा.

अण्णाजी : असं लिहायची पद्धत आहे, किसनराव. बरं दिसतं.

किसनराव : नाई. खरं लिवा. मले वाचता येत नाई, तुमचं लिवलेलं आज आयकलं, म्हून उशीर झाला. नाईतर तिले वाटन, किसनले माह्या बोलण्याची किंमत नाई. न वाचता येणारा म्हणो, चालते. पण तसं नको वाटाले तिले.

नलू : दादा, लिव ना. काऊन थांबला?

अण्णाजी : लिहितो. "मला वाचता येत नाही." पुढे?

किसनराव : पुढं भाजी. अंबाडी निवडून उकळाची, पाणी पिळून फेकाचं, नाईतर लय आंबट होते. ज्वारीच्या कण्या आन् तुरीची दाळ संगं शिजवाची. घोटाची. लसणाचा तडका लाल होऊ द्याचा. आन् ताटात वाढल्यावर वरून कच्चं जवसाचं तेल. तेल शिजवू नका म्हणा, तेच खास हाये. बस. नाई, थांबा. लिवा, का हिवाळ्यात या. संडासाची कडी मजबूत हाये.

नलू : कडी लिवच! मी म्हणते लिवच.

अण्णाजी : लिहिलं. सही करा इथं.

किसनराव : किस... न. झालं. घाम आला पाहा. मी बैल धुवाले जातो आता. बारा वाजता येतो घ्यायले, संगंच जाऊ गावात. जेवाचं आमच्या घरी हाये, भाकरी नका थापजो, नलूताई.

नलू : येजो. लवकर येजो.

अण्णाजी : नलू.

नलू : का?

अण्णाजी : एक कागद दे. नाही, नवा नको. काल ज्यावर "सप्रेम नमस्कार" लिहिलंय तोच दे.

* * *

नलू : वाचू का? मोठ्यानं वाचू?

अण्णाजी : मनात वाच.

नलू : मनात नाई जमत मले. "चि. पौर्णिमा, सप्रेम नमस्कार. त्या कादंबरीचा शेवट तेव्हा मी वाचलेला नव्हता. तू पुस्तक परत करायला आली होतीस, तुझा चेहरा पाहून काहीतरी बोलावंसं वाटलं, बोलता आलं नाही, म्हणून चिठ्ठी घातली. शेवट मी या होळीनंतर वाचला. तो चांगला नाही. तुझं भांडण बरोबर होतं. हे कळल्यावरही चिठ्ठ्या छापाव्या असं वाटत असेल, तर छाप. ती चिठ्ठीही घे, वगळू नकोस. प्रस्तावना जमेल की नाही, सांगता येत नाही. लिहायला बसतो. अण्णाजी."

अण्णाजी : फार कोरडं झालं का? तू रडतेस का, नलू? मी परत लिहितो.

नलू : हात त लाव कागदाले! तोडीन हात. दे ते पाकीट. डिंक कुठी हाये?

अण्णाजी : डिंक आणला नाहीस तू. टिकिटं लावून आणलीस.

नलू : भाताची शितं हायेत रातची. हे पाय, चिकटलं. आता देवाच्या बापाले नाई उघडणार. घाल चप्पल. किसनराव आले बोलवाले.

किसनराव : चला, चला! गावात बैल निघाले. झूल, बेगड, बाशिंगं, एकदम झकास! माह्या ढवळ्याले मी आज मिशा काढून देल्या रंगानं. पिंकी म्हणे बाबा हे का? म्हटलं, वहीत पाह्यल्या.

नलू : सांगतलं का मंग पिंकीले?

किसनराव : सांगतलं ना. म्हणते, वही घरी आणा, संध्याकाळी मी सारी वाचते. शेजारच्याईले पण बोलावते म्हणे.

अण्णाजी : किसनराव, रस्ता किती राहिला?

किसनराव : आत्ता त निघालो, अण्णाजी!

नलू : याले घाई झाली, नवलच हाये. हळू चाल रे, दादा. पाणी साचलं तिथं.

अण्णाजी : दोनला थैला जातो ना?

किसनराव : आता एक बी नाई वाजला. हे पाहा, शाळा, हे मारुतीचं देऊळ, आन् ही पेटी. लाल. मी टाकतो आधी. कसं टाकतात? असं ढकलाचं का? गेलं! पुण्याले गेलं!

नलू : आता तू.

अण्णाजी : हो. ...नलू, पत्ता एकदा पाहा. पिन कोड बरोबर आहे ना?

नलू : बराबर हाये.

अण्णाजी : आणि त्यात "चि." लिहिलंय. मुख्याध्यापिकेला चि. चालेल?

नलू : तुह्यापुढं ती आठवीतलीच हाये. टाक.

अण्णाजी : टाकतो.

किसनराव : ...टाकलं का?

नलू : टाकलं! म्या पाह्यलं. पाकीट आत गेल्यावर हात अजून पेटीतच हाये त्याचा. काढ ना आता, दादा, लोकं पाहून राह्यले.

किसनराव : पाहू द्या. या, घरी या. पुरणपोळी निवून राह्यली. आन् गाडीचं टेन्शन नका घेऊ, अण्णाजी. परवा पह्यलं काम तेच. दोन जोड्या लावतो, फटक्यात काढतो.

अण्णाजी : गाडी राहू द्या दोन दिवस, किसनराव. पत्र निघालं.